रक्तपिपासू? छे, वाचनपिपासू!

हीरो दिसायला सतरा वर्षांचा, जन्म मात्र १९०१ चा. चेहरा एखाद्या मॉडेलसारखा, गाडी सुसाट चालवणारा आणि उन्हात गेला की अंग हिऱ्यासारखं चमकणारा. प्रॉब्लेम एकच. हीरोइन जवळ आली की तिच्या रक्ताच्या वासाने त्याला स्वतःला आवरणं जड जातं!

एवढ्या भांडवलावर अ‍ॅरिझोनातल्या तीन मुलांच्या आईने, स्टेफनी मेयरने, जगभरातल्या टीनएजर्सना येडं केलं. २००३ च्या जूनमध्ये पडलेल्या एका स्वप्नातून ‘ट्वायलाइट’ सुरू झालं आणि २००५ मध्ये ते पुस्तक बाजारात आलं. पुढे सीरिजची चार पुस्तकं, पाच सिनेमे आणि दहा कोटींहून जास्त प्रती. हे सगळं तुम्हाला ठाऊक असेलच. पण या व्हॅम्पायरने सगळ्यात मोठा गोंधळ घातला तो अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांमध्ये!

लायब्ररीला लॉटरी

पंधरा-सोळा वर्षांची मुलं लायब्ररीकडे फिरकत नाहीत, हे लायब्रेरियन मंडळींचं जुनं दुखणं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन तर ‘वाचायचा कंटाळा असलेल्या टीनएजर्ससाठी’ दरवर्षी पुस्तकांची खास यादी काढायची. २००६ च्या यादीत ‘ट्वायलाइट’ पहिल्या दहांत होतं. शिवाय त्याच वर्षी तरुण वाचकांसाठीच्या सर्वोत्तम दहा पुस्तकांतही त्याचा नंबर लागला.

लायब्रऱ्यांनी ही संधी बरोब्बर हेरली. कुठे ‘टीम एडवर्ड की टीम जेकब?’ अशी जुगलबंदी, कुठे व्हॅम्पायर थीमची पार्टी. खरा फंडा होता ‘ट्वायलाइट संपलं? आता हे वाचा’ अशा याद्यांचा. एका पुस्तकासाठी आलेली मुलगी जाताना बॅगेत दुसरं घेऊन जायची. त्यात मेयरबाईंनी सोय करूनच ठेवलेली. त्यांचं शिक्षण इंग्रजी साहित्याचं, त्यामुळे प्रत्येक भागामागे एखादी अभिजात कलाकृती उभी आहे. नायिका बेला तर ‘वुदरिंग हाइट्स’ची फॅन. मग २००९ मध्ये एका प्रकाशकाने १८४७ सालची ती कादंबरी ‘बेला आणि एडवर्डचं आवडतं पुस्तक’ अशी जाहिरात करत नव्या कव्हरमध्ये काढली आणि ती पोरींनी उचललीसुद्धा! बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचता वाचता वाचनाची चटक लागलेल्या आपल्या आजोबांना यात काहीच नवल वाटणार नाही.

...आणि मग तक्रारी

पुस्तक पोरांच्या हातात दिसू लागल्यावर आई-बाबांनीही ते उघडलं. २००८ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत एका स्कूल डिस्ट्रिक्टने मिडल स्कूलच्या लायब्रऱ्यांतून ही पुस्तकं हलवायचा आदेश काढला आणि काही दिवसांतच मागेही घेतला. लायब्ररी असोसिएशन सर्वाधिक तक्रारी आलेल्या पुस्तकांचीही यादी काढते. २००९ च्या यादीत ‘ट्वायलाइट’ पाचव्या नंबरवर होतं. एक पायरी वर ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’, एक पायरी खाली ‘द कॅचर इन द राय’. संगत वाईट नव्हती!

तक्रारींची कारणं? धार्मिक दृष्टिकोन, लैंगिक वर्णनं आणि वयाला न शोभणारा मजकूर. गंमत म्हणजे पहिल्या तीन पुस्तकांत हीरो-हीरोइन किसच्या पुढे जातच नाहीत, आणि पुढचं सगळं लग्नानंतर.

काढायचं की बोलायचं?

खटकण्यासारखं बरंच काही आहे, पण ते वेगळंच. एडवर्ड रात्री गुपचूप बेलाच्या खोलीत शिरून तिला झोपलेली बघत बसतो. तिने जेकबला भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या ट्रकचं इंजिन बिघडवून ठेवतो. पुस्तकात याचं नाव प्रेम. तुमच्या मैत्रिणीचा बॉयफ्रेंड असं वागला, तर तुम्ही काय म्हणाल?

हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलीला विचारायचा, तर तिने पुस्तक वाचलेलं हवं, आणि शेजारी बसून बोलणारं कुणीतरी हवं. शेल्फवरून पुस्तक काढलं, तर ती मैत्रिणीकडून आणून वाचणारच. फक्त मग बोलायला कुणी नसेल. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची भूमिका साधी आहे. आपल्या मुलाने काय वाचावं हे पालकांनी जरूर ठरवावं, पण दुसऱ्यांच्या मुलांचं ठरवू नये. तक्रार लेखी द्यायची, पुस्तक अख्खं वाचायचं आणि मग काय तो निर्णय.

व्हॅम्पायरचा एक जुना नियम आहे म्हणे, आमंत्रण दिल्याशिवाय तो घरात येत नाही. एडवर्डने तो काही पाळला नाही. पुस्तकं मात्र पाळतात!

चार भाग, चार क्लासिक्स
‘ट्वायलाइट’ (२००५): ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’
‘न्यू मून’ (२००६): ‘रोमिओ अँड ज्युलिएट’
‘इक्लिप्स’ (२००७): ‘वुदरिंग हाइट्स’
‘ब्रेकिंग डॉन’ (२००८): ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’