कॅरेक्टर मेलं, आता खेळाडूने काय करायचं?

दर रविवारी दुपारी माझ्या मुलुंडच्या घरी आम्ही पाच जण ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. त्यातला एक मित्र बोरिवलीहून येतो. वेस्टर्नने दादर, तिथून सेंट्रलने मुलुंड, वर रविवारचा मेगाब्लॉक. एकदा खेळ सुरू होऊन अर्धा तासही झाला नव्हता, तेवढ्यात त्याचं कॅरेक्टर मेलं. पुढचे तीन तास तो सोफ्यावर फोन बघत बसला. पुढचे दोन रविवार तो आलाच नाही. ‘काम आहे’ म्हणाला.

वाटलं, नशीब खराब. नंतर लक्षात आलं की फाशांचा दोष नव्हता. नियम मी निवडला होता.

हा खेळ चालतो कसा?

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये एक जण गेम मास्टर असतो. तो प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक कॅरेक्टर घेतात आणि आपण काय करतोय ते बोलून सांगतात. जमलं की नाही, ते फासा ठरवतो. बहुतेक वेळा हा फासा 20 बाजूंचा असतो. तो नसेल तर फोनवरचं फाशांचं अ‍ॅपही चालतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली अमेरिकेत आला आणि इथूनच हा प्रकार रुळला.

प्रत्येक कॅरेक्टरकडे ‘हिट पॉइंट्स’ असतात, म्हणजे जीव किती शिल्लक आहे त्याचा आकडा. माझ्या मित्राच्या चोराकडे 9 होते. गॉब्लिनने बाण मारला आणि माझ्या फाशावर नेमके 20 पडले. 20 पडले की नुकसानाचे फासे दुप्पट होतात. म्हणून सहा बाजूंचे दोन फासे टाकले: 4 आणि 5. त्यात गॉब्लिनचे नेहमीचे 2. एकूण 11. चोर खलास.

2014 च्या पुस्तकातल्या नियमाप्रमाणे तो मेला नसता, बेशुद्ध पडला असता. मग आपल्या प्रत्येक पाळीला 20 चा फासा टाकायचा. 10 किंवा जास्त आले तर एक यश, कमी आले तर एक अपयश. 1 पडला तर दोन अपयशं, 20 पडले तर थेट उठून उभा. आधी तीन यशं झाली तर वाचला, तीन अपयशं झाली तर मेला. मी हिशोब करून पाहिला. कोणीच मदतीला आलं नाही तरी वाचण्याची शक्यता 59.5 टक्के निघते.

पण आमच्या टेबलावर मी 1974 चा कडक नियम लावला होता: शून्य म्हणजे मेला.

पोलमध्ये काय चुकलं?

गंमत म्हणजे हा नियम मी मनाने लावला नव्हता. सुरुवातीलाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल टाकला होता, ‘कडक की सोपा?’ चौघांनीही ‘कडक’वर टिक केलं. बोरिवलीवाल्यानेसुद्धा!

‘सोपा’ म्हणजे आपण कच्चे खेळाडू, असं कोणाला वाटून घ्यायचंय? प्रश्नच चुकीचा होता. ‘अर्ध्या तासात मेलास तर उरलेले तीन तास काय करशील?’ असं विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. 2014 च्या आवृत्तीआधी कंपनीने 2012 पासून नियमांचे मसुदे लोकांना खेळायला दिले होते. 1,75,000 हून जास्त चाहत्यांनी चाचणी केली, अशी नोंद पुस्तकातच आहे. नियम वाचून दिलेलं मत आणि खेळून दिलेलं मत यात फरक पडतो.

कबड्डीकडे तीन उत्तरं आहेत

बाद झालेल्या खेळाडूचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. कबड्डीचे तीन प्रकार बघा. ‘गामिनी’त बाद झालेला खेळाडू आपला पूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेर बसतो. ‘संजीवनी’त समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक आत येतो. ‘अमर’मध्ये बाद झालेला मैदान सोडतच नाही, समोरच्या संघाला फक्त गुण मिळतो. प्रो कबड्डीत टीव्हीवर दिसते ती संजीवनीची पद्धत. आणि बिल्डिंगखाली खेळताना लहान भावंडाला आपण ‘लिंबूटिंबू’ करायचोच की. तो खेळणार, पण आउट होणार नाही.

मी नकळत गामिनी लावली होती. तीसुद्धा तीन तासांची.

मग सगळ्यांना अमर करायचं का?

मी आधी तेच केलं, तेही गुपचूप. मार जास्त लागला की आकडा कमी करून सांगायचो. घाटकोपरहून येणाऱ्या मैत्रिणीने ते पकडलं आणि ती भडकली. ‘मी मरणारच नसेन तर फासा टाकतेय कशाला?’ तिचंही बरोबर होतं. तिला धोका खरा हवा होता. बोरिवलीवाल्याला खेळायला मिळायला हवं होतं.

या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण नाहीत. कॅरेक्टर मरणं ही एक गोष्ट, खेळाडूने रिकामं बसणं ही दुसरी. नियमाने त्या एकत्र बांधल्या होत्या, मी सोडवल्या. आता शून्याला बेशुद्ध, मग पुस्तकातला तीन यश-अपयशांचा नियम, आणि फासे सगळ्यांसमोर. मेला तर खरंच मेला. पण दहा मिनिटांत त्या खेळाडूने गटासोबतचं दुसरं एखादं पात्र हातात घ्यायचं. ‘फेट’ नावाच्या गेममध्ये आणखी एक वाट आहे. समोरच्याचा फासा पडण्याआधी खेळाडू स्वतःहून हार मानू शकतो, आणि मग आपण कसे बाहेर पडतो हे ठरवण्यात त्याचाही वाटा असतो.

तुम्ही सुरू करणार असाल तर

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे मूळ नियम जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहेत. फोनवर वाचता येतात. पहिल्या रविवारआधी ग्रुपवर ‘कडक की सोपा’ विचारू नका. हे तीन प्रश्न विचारा:

1. तुझं कॅरेक्टर मेलं तर त्या दिवशी तुला काय करायला आवडेल?
2. गेम मास्टरने फासा लपवून तुला वाचवलं तर चालेल का?
3. किती वाजता निघावं लागतं, आणि घर किती लांब आहे?

तिसरा प्रश्न खेळाचा वाटत नाही, पण माझा मित्र त्यामुळेच तुटत होता. मी त्याला फोन करून सॉरी म्हटलं, नवा नियम सांगितला. तो आला. चोर काही परत जिवंत झाला नाही. गटासोबत कंदील धरून चालणारा एक पोऱ्या होता, तो त्याने घेतला. आजही तोच खेळतोय.