आमटीची एक वाटी तुमचीही!

प्रथिने म्हणजे पैलवानांचा खुराक, असे तुम्हालाही वाटते का? मग आपल्या रे रोडच्याच घरांत डोकावू या. भाऊचा धक्का इथून जवळ. तिथली मासळी ताटात असते. सुक्या बोंबलाचा तर निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचाच!

शाकाहारी मैत्रिणींनो, तुम्हीही काळजी करू नका. तांदूळ-गव्हात लायसिन हा प्रथिनघटक कमी असतो, तो डाळीत भरपूर; डाळीतली मिथिओनिनची उणीव धान्य भरून काढते. म्हणून वरण-भात, उसळ-पोळी या जोड्या उत्तम. मात्र भाताचा डोंगर अन् वरण पळीभर, असे नको! कच्च्या कडधान्यात पचनाला अडथळा आणणारे घटक असतात. ती भिजवून, मोड आणून नीट शिजवली, की ते बरेच कमी होतात. 1939 साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवणाऱ्या डॉ. कमला सोहोनी यांनी पुढे मुंबईत कडधान्यांच्या प्रथिनांवरच संशोधन केले.

प्रथिने फार कमी पडली, तर मुलांची वाढ खुंटते, अंगावर सूज येते. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. 55 किलोच्या गृहिणीला साधारण 46 ग्रॅम, गरोदरपणी त्याहून जास्त. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, 30 ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण तेवढीच. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

आता खरे सांगा, सगळ्यांना वाढून झाल्यावर तुमच्या वाट्याला आमटीचे नुसते पाणीच उरते ना? आजपासून वाढण्याआधीच आपली वाटी बाजूला काढून ठेवा.