बाजाराला न दिसणारं गिऱ्हाईक

शेअर बाजाराचा खेळ मोबाइलवर उघडला की पहिल्याच पडद्यावर आपण श्रीमंत होतो. अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी 1977 पासून चालत आलेल्या ‘द स्टॉक मार्केट गेम’मध्ये गटाच्या खात्यात एक लाख डॉलर मिळतात, आपल्याकडच्या काही खेळांत तर थेट एक कोटी रुपये पडतात. पैसे लुटुपुटूचे, कंपन्या मात्र खऱ्या आणि भावही खरे. मग खेळणारा ओळखीच्या कंपनीचं नाव शोधतो, ‘बाय’ दाबतो आणि आकडा हिरवा होतो की लाल, याकडे टक लावून बसतो. आठवड्याभरात एक तर तो स्वतःला बडा गुंतवणूकदार झुनझुनवाला समजू लागतो, नाही तर कंटाळून ॲप काढून टाकतो.

दोन्हींत तो सगळ्यात अजब गोष्ट न बघताच उठतो. ती नफ्या-तोट्याच्या पानावर नसते. बऱ्याच खेळांत शेअरच्या नावावर बोट टेकवलं की खाली पाच-पाच ओळींचे दोन रकाने उघडतात. डावीकडे खरेदीच्या बोली, उजवीकडे विक्रीच्या. ‘मार्केट डेप्थ’ म्हणतात त्याला. भाव जन्माला येतो तो इथे.

‘हा शेअर 100 रुपयांना आहे’ असं आपण सहज म्हणतो. पण नीट बघा, 100 रुपयांना तो आत्ता कोणी देतही नाहीये आणि कोणी घेतही नाहीये. 100 हा शेवटच्या सौद्याचा भाव, म्हणजे होऊन गेलेली गोष्ट. या क्षणी आहेत त्या फक्त दोन रांगा. घेणाऱ्यांची 99 रुपये 95 पैशांवर येऊन थांबलेली, देणाऱ्यांची 100 रुपये 5 पैशांपासून सुरू होणारी. मधल्या दहा पैशांच्या फटीत चिटपाखरू नाही. लासलगावला कांद्याचा लिलाव होतो तेव्हा माल एकाचा असतो, बोली अनेकांची आणि ती वरवरच चढते. इथे लिलाव दोन्ही अंगांनी चाललेला असतो. घेणारे पैशापैशाने वर सरकतात, देणारे पैशापैशाने खाली उतरतात, आणि ज्याचा धीर आधी सुटतो तो फट ओलांडून पलीकडच्याच्या भावाला हो म्हणतो. तो झाला सौदा, आणि तोच नवा ‘भाव’.

समजा, उजव्या रकान्यात असं दिसतंय: 100.05 ला 40 शेअर, 100.10 ला 200, आणि त्यानंतर एकदम 100.50 ला 1,000. तुम्हाला 500 हवेत आणि तुम्ही ‘मार्केट ऑर्डर’ टाकलीत, म्हणजे मिळेल त्या भावाला द्या. संगणक पहिले 40 उचलतो, मग 200, आणि उरलेल्या 260 साठी 100.50 ची पायरी चढतो. एकूण 50,152 रुपये, सरासरी साधारण 100 रुपये 30 पैसे. पडद्यावर आता भाव 100.50 दिसू लागतो. कंपनीला नवं कंत्राट मिळालेलं नाही, तिमाही निकाल लागलेला नाही, अर्थमंत्री काही बोललेले नाहीत. तुम्हाला घाई होती, एवढंच. ‘शेअर अर्ध्या टक्क्याने वधारला’ या वाक्यामागे कधी कधी इतकंच असतं!

याच ठिकाणी ‘लिमिट ऑर्डर’ टाकून बघा: 100.10 च्या वर एक पैसाही देणार नाही. 240 शेअर पदरात पडतात आणि उरलेल्या 260 ची मागणी डाव्या रकान्यात सगळ्यात वर जाऊन बसते. आता विकायला येणाऱ्याला दिसणारा पहिला आकडा तुमचा. एका ओळीच्या फरकाने तुम्ही भाव स्वीकारणाऱ्यातून भाव सांगणाऱ्यात गेलात.

राष्ट्रीय शेअर बाजारात 1994 मध्ये सौदे सुरू झाले तेच पडद्यावर. 1875 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई शेअर बाजारात मात्र 1995 मध्ये ‘बोल्ट’ ही संगणक प्रणाली येईपर्यंत सगळं रिंगणात चालायचं, आरडाओरडा करून आणि हातांच्या खुणांनी. घ्यायचा आणि द्यायचा असे दोन्ही भाव पुकारत उभा राहणारा तिथला तारवणीवाला म्हणजे या दोन रकान्यांचा हाडामांसाचा पूर्वज. ते रिंगण दलालाखेरीज कोणाला दिसत नसे. आज गडचिरोलीतली अकरावीची मुलगी डबा खाता खाता ते बघू शकते, ही मला खेळातल्या कुठल्याही कोटीपेक्षा मोठी कमाई वाटते.

पण मेख पुढेच आहे. बहुतेक साध्या खेळांत तुमचे 500 शेअर सरसकट एकाच भावाला मिळतात. 100.05 दिसत होता ना, मग 50,025 रुपये, झालं काम. 127 रुपये वाचले आणि उजव्या रकान्यातला एकही शेअर हलला नाही. हलणार कसा? तुमची ऑर्डर शेअर बाजारापर्यंत गेलेलीच नाही. खेळ फक्त खऱ्या भावाकडे बघून तुमच्या वहीत नोंद करतो. तुम्हाला बाजार दिसतो, बाजाराला तुम्ही दिसत नाही.

500 शेअरला हा फरक चिल्लर. पण खात्यात एक कोटी आहेत आणि दिवसाला जेमतेम काही हजार शेअरची उलाढाल होणारी एखादी लहान कंपनी तुम्ही निवडलीत तर? खेळात एका टिचकीत खरेदी, दुसऱ्या टिचकीत विक्री. खऱ्या बाजारात तुमच्याच मागणीने शेअरला अप्पर सर्किट, म्हणजे त्या दिवसाची भाववाढीची मर्यादा लागेल, विकायला जाल तेव्हा घेणारा नसेल आणि लोअर सर्किटला, म्हणजे घसरणीच्या मर्यादेला, दिवसेंदिवस अडकून पडाल.

लिमिट ऑर्डरची गोष्ट याहून मजेदार आहे. खऱ्या बाजारात आधी चांगला भाव आणि भाव सारखा असेल तर आधी आलेला, असा नियम. 99 रुपयांना तुमच्या पुढे 3,000 शेअरची मागणी उभी आहे. भाव 99 ला टेकतो, 500 शेअरचे सौदे होतात आणि तिथून तो उसळून 103 ला जातो. तुम्हाला काहीच मिळालेलं नसतं. दुसऱ्या दिवशी भाव 99 ला येतो, सगळी रांग कापत 94 ला जातो. या वेळी तुम्हाला सगळेच्या सगळे शेअर मिळालेले असतात! रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्याच्या वाट्याला फायद्याचे सौदे अर्धवट येतात आणि तोट्याचे भरभरून. भाव 99 ला शिवला की तुम्हाला शेअर देऊन टाकणारा खेळ हा सगळा भाग गाळतो. त्यामुळे खेळात हमखास चालणारी युक्ती बाहेर आली की लंगडते, आणि खेळणाऱ्याला वाटतं आपलं नशीब फिरलं.

एक दुसऱ्या जातीचा खेळ आहे, त्यात भूत होऊन फिरता येत नाही. तिथे बाहेरचा बाजार नसतोच; खोलीत बसलेली माणसं हाच बाजार. अर्थतज्ज्ञ व्हर्नन स्मिथ यांनी 1956 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या वाटल्या. घेणाऱ्याच्या चिठ्ठीत ‘याहून जास्त देऊ नकोस’, देणाऱ्याच्या चिठ्ठीत ‘याहून कमी घेऊ नकोस’. शेजाऱ्याच्या चिठ्ठीत काय आहे, कोणालाच ठाऊक नाही. मग मोठ्याने बोली लावायची. मागणी-पुरवठ्याच्या आलेखात दोन रेषा जिथे छेदतात तो भाव खोलीतल्या एकाही मुलाला माहीत नव्हता, तरी काही फेऱ्यांत सौदे त्या भावाच्या आसपास येऊन स्थिरावले. स्मिथ यांनी हे 1962 मध्ये छापलं. पुढे 1993 मध्ये धनंजय गोडे आणि श्याम सुंदर यांनी माणसंच काढून टाकली. त्यांनी बसवले संगणकी मठ्ठ. वाटेल तो आकडा बोलायचा, फक्त पदरचं घालवायचं नाही, एवढीच अट. आणि त्या मठ्ठांच्या बाजारानेही शक्य असलेला जवळजवळ सगळा एकत्रित फायदा गाठला. म्हणजे शहाणपण खेळाडूंच्या डोक्यात नव्हतं. बरंचसं ते त्या दोन रकान्यांच्या नियमात होतं.

यावरून बाजाराला सगळं कळतं असं वाटत असेल तर थांबा. 1988 मध्ये याच स्मिथ यांनी दोन सहकाऱ्यांसह आणखी एक खेळ प्रसिद्ध केला. त्यातला ‘शेअर’ 15 फेऱ्यांचा. दर फेरीला सरासरी 24 सेंट लाभांश आणि पंधराव्या फेरीनंतर किंमत शून्य. हिशोब चौथीतल्या मुलाला जमेल असा: सुरुवातीला 3 डॉलर 60 सेंट, दर फेरीला 24 सेंट कमी. काही लपवलेलं नाही, अफवा नाहीत आणि मिळकत खऱ्या पैशांत. तरी एकामागून एका गटाने भाव या हिशोबाच्या कितीतरी वर नेला, आणि शेवटच्या फेऱ्या जवळ आल्या तसा तो धाडकन कोसळला. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याहून उशिरा जागा होणारा कोणीतरी आहे. हाच गट पुन्हा बसवला तर भावाचा हा फुगा लहान होई आणि तिसऱ्यांदा तो बहुतेक उरतच नसे. 2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल स्मिथ यांना आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांना विभागून मिळालं. एकाने बाजार किती चतुर असतो ते दाखवलं होतं, दुसऱ्याने माणूस किती चुकतो ते. समिती मिश्कील असावी.

खेळांतल्या गुणतक्त्यांचा मात्र मला राग आहे. 1,024 जणांना रोज नाणं उडवायला लावा आणि ज्याला काटा आला त्याला बाद करा. सरासरीने दहाव्या दिवशी एक जण उरेल, ओळीने दहा छापे टाकलेला. त्याची मुलाखत घ्यायला जाऊ नका. महिन्याभराच्या स्पर्धेत पहिला यायचं असेल तर सगळे पैसे एकाच बेभरवशाच्या शेअरमध्ये लावणं हाच शहाणा डाव ठरतो, कारण दुसऱ्या क्रमांकाला आणि शेवटच्याला बक्षीस सारखंच, म्हणजे काहीच नाही. बक्षिसाच्या अशा स्पर्धांबाबत बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’ने 2016 मध्येच लोकांना सावध केलं होतं. मे 2024 मध्ये तिने शेअर बाजारांना बजावलं की अशा खेळांना चालू भाव पुरवायचे नाहीत. शिक्षणासाठी द्यायचे तर निदान एक दिवस जुने, असं तेव्हा ठरलं. त्यावर बरीच कुरकुर झाली. खरं तर रांगेचा नियम शिकायला शिळे भाव उत्तम. उलट त्यांत एक जादाची सोय आहे, हवा तो दिवस पुन्हा चालवता येतो. 23 मार्च 2020 घ्या. बाजार उघडल्यावर तासाभरातच सेन्सेक्स 10 टक्के पडला, 45 मिनिटं व्यवहार थांबले आणि पुन्हा सुरू झाल्यावर दिवसअखेर घसरण 3,934 अंकांची झाली. आज तो दिवस खेळताना आपण बिनधास्त खरेदी करतो, कारण पुढे काय झालं ते ठाऊक आहे. म्हणून तारीख दुसऱ्याने निवडावी आणि कंपनीचं नाव झाकावं.

खर्चाचं गणित थोडक्यात. दलाली शून्य धरली तरी 50,000 रुपयांचे शेअर डिलिव्हरीत घेऊन त्याच भावाला विकले तर सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स दोन्ही वेळचा मिळून 100 रुपये आणि खरेदीवर मुद्रांक शुल्क साडेसात रुपये, शिवाय किरकोळ आकार. सतत घेऊन-विकून उलटसुलट करणाऱ्याला खेळ असे खर्च लावत नसेल तर तो खोटं शिकवतोय. सेबीच्या पाहणीत 2022-23 मध्ये रोख बाजारात इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचे सौदे करणाऱ्या दर दहा व्यक्तींमागे सात तोट्यात होत्या, आणि तोट्यातल्यांचे सौदे फायद्यातल्यांपेक्षा संख्येने जास्त होते.

तेव्हा नवा खेळ उघडलात तर आधी त्याचीच परीक्षा घ्या. ज्या शेअरच्या विक्रीच्या रकान्यात सगळे मिळून तीन-चारशे शेअर दिसतायत असा एक शोधा आणि 50,000 शेअरची मार्केट ऑर्डर टाका. सगळे एकाच भावाला लगेच मिळाले, तर हा भुताचा खेळ. त्यात बटणं कुठे आहेत ते शिका आणि नफ्याचा आकडा विसरा. थोडे मिळून बाकीची ऑर्डर अडकून पडली, किंवा भाव पायरी पायरीने वर चढत गेला, तर बनवणाऱ्याने रांगही बनवली आहे. मग तिथे मुक्काम करायला हरकत नाही.