वापसा आहे तोवर



जमिनीतला वापसा गेल्यावर तिफण धरून उपयोग नसतो, हे तुम्हांआम्हांला कोणी शिकवायला नको. शरीराचेही तसेच आहे. आम्ही आता सत्तरी ओलांडली आहे. हे शहाणपण आम्हांला थोडे उशिरा आले, म्हणून सांगत आहोत.

करडईची काढणी पहाटे दवात करतात, कारण तेव्हा काटे मऊ असतात. त्या दिवशी आम्ही हट्टाने ऊन चढेपर्यंत काम रेटले. रात्री सारखे उठावे लागते म्हणून पाणी पिणे कमी केले होते. बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळीही आपल्या मनाने बंद केली होती. बांधावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आम्ही कोसळलो. मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता, भाकरीचा घाससुद्धा सूनबाईने मोडून द्यायचा!

डॉक्टरांनी रागावून नव्हे, समजावून सांगितले. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीर सुकत असते, पण घसा मागत नाही. आपल्या बिदर-कलबुर्गीकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर किती प्यावे हे डॉक्टरांना विचारावे. आणि रक्तदाब दुखत नाही, म्हणून तो गेला असे समजू नये. गोळी त्यांच्या सल्ल्यावाचून सोडू नये.

आता खाण्याचे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांत येळवस आली की शेजारी आपल्याला आवर्जून शेतात बोलावतात. त्या दिवशीची भज्जी आठवा : तूर, हरभरा, वाटाणा यांचे ओले दाणे, मेथी, कांद्याची पात, जोडीला ज्वारीचे उंडे आणि ताकातली आंबील. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो तुरीत भरपूर असतो. दोन्ही एकत्र खाल्ल्याने एकाची उणीव दुसरे भरून काढते. म्हातारपणी स्नायू झिजतात, त्यांना हाच आधार. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिला बाजारात मान आहे. पण पीक विकून टाकून आपण घरी पातळ वरण आणि पांढरा भात खावा, हे काही बरे नव्हे. कडक भाकरी दातांना झेपत नसेल, तर डाळीत कुस्करून खावी.

मिठाला मात्र आवर घालावा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, मीठ सांगते. लोणचे, पापड, चटणी यांतलेही त्यात धरावे. आम्ही ताटात वरून मीठ घेणे सोडले. पहिले पंधरा दिवस जेवण अळणी लागले, मग जिभेला सवय झाली.

पडू नये म्हणून आम्ही पाळतो ते असे :

१. झोपेतून उठताना आधी बाजेवर क्षणभर बसावे, मगच उभे राहावे.

२. रात्री बॅटरी उशाशी ठेवावी. अंगणातली दोरी, घमेले, खुरपे वाटेतून उचलावे.

३. रोज दाराची चौकट धरून एका पायावर थोडे उभे राहावे, मग दुसऱ्या. तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून निदान तीन दिवस हवा.

४. कामातून सुटलो तरी चालणे सोडू नये.

शेवटी मनाचे. मुले पुण्याला, हैदराबादला, बेंगळुरूला गेली. वाडा मोठा आणि माणसे दोन, अशी घरे पुष्कळ आहेत. एकटे माणूस धड रांधत नाही, धड जेवत नाही. म्हणून आम्ही नेम केला आहे : रविवारी मिस्सा सुटल्यावर जो वृद्ध दिसला नाही, त्याच्या घरी डोकावून यायचे. त्याला बरे वाटते, आणि आमचेही दोन फर्लांग चालणे होते.

मनगट आता जुळले आहे. यंदाही करडई काढली. पण पहाटे, पाण्याची बाटली बांधावर ठेवून, आणि ऊन चढण्याआधी घरी. तुमच्याही घरात कोणी वडीलधारे असतील. आज त्यांना एवढेच विचारा : पाणी प्यालात का? गोळी घेतलीत का?