सर्पदंश व खिशांतील मोबाइल

शेतांत सर्पदंश झाला असतां मांत्रिकाकडे धांवण्यांत गेलेला वेळच बहुधा घातक ठरतो, हें आम्ही कळकळीनें सांगतों. अशा वेळीं मोबाइलवरून तत्काळ १०८ क्रमांक लावावा. महाराष्ट्रांत २०१४ पासून या क्रमांकावर विनामूल्य रुग्णवाहिका मिळते. जवळचा मोबाइल परक्याचा व कुलूपबंद असल्यास पडद्यावरील ‘आपत्कालीन कॉल’ दाबून ११२ लावितां येतो. प्रथम गांव, शिवार व जवळची ठळक खूण सांगावी. स्पीकर चालू करावा, म्हणजे दंश झालेला अवयव स्थिर धरण्यास दोन्ही हात मोकळे राहतात. घाईंत ‘म्यूट’वर बोट पडल्यास आपला आवाज पलीकडे पोहोंचत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. पलीकडून सांगेपर्यंत फोन बंद करूं नये. हे दोन क्रमांक घरच्या मंडळींकडून व गड्यांकडून आजच पाठ करवून घ्यावे, अशी शेतकरी बंधूंस आमची आग्रहाची विनंति आहे.