अवेळची हाक

पेडणे तालुक्यातल्या आमच्या कोरगावात डॉक्टरला ‘दोतोर’ म्हणणारी पिढी अजून आहे. दोतोर म्हणजे नुसता औषध देणारा नव्हे. कुणाच्या घरात कोण कशाने खंगतंय, कुणाचा मुलगा आखातातून पैसे पाठवायचा थांबलाय, कुठली सून माहेरी का गेली, हे सगळं त्याच्या कानावर येतं. आणि कानावर येऊनही तो बोलत नाही, हेही गावाला माहीत असतं. शिवाय त्याच्याकडे उधारीची एक न लिहिलेली वही असते. ज्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत, ज्यांनी पैशांऐवजी चतुर्थीला दोन नारळ आणि एक काकडी आणून ठेवली, त्यांची. निवडणुकीला उभं राहणाऱ्या माणसाला याहून मोठं भांडवल कोणतं?

डॉक्टर राजकारणात चालतो कारण त्याला मतदारांची नाडी कळते, हे वाक्य मी सत्कार समारंभांतून इतक्यांदा ऐकलंय की या लेखात ते परत येणार नाही. नाडी वकिलाला कळते, बसच्या मालकाला कळते, आणि डिचोलीकडे तर खाणीवरच्या ट्रकवाल्यांना सगळ्यांत आधी कळते. गोव्याच्या डॉक्टर आमदारांकडे पाहताना मला दुसरीच गोष्ट दिसते. त्यांना मोठ्या पदावर बोलावणं आलं ते नेहमी अवेळी. कुणीतरी गेल्यावर, कुणीतरी फुटल्यावर.

सर्वांत अलीकडची हाक तर शब्दशः रात्रीची होती. १७ मार्च २०१९ ला मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर गेले. १८ च्या संध्याकाळी मिरामारला अंत्यसंस्कार झाले, आणि त्याच रात्री, म्हणजे १९ तारीख उजाडण्याआधी दोनच्या सुमारास, दोनापावलच्या राजभवनात डॉ. प्रमोद सावंत यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. भाजपची घटक पक्षांशी घासाघीस चालू होती. शेवटी विजय सरदेसाई आणि सुदिन ढवळीकर अशी दोन उपमुख्यमंत्रिपदं ठरली तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. दुसऱ्या दिवशी विधानसभेत विश्वासदर्शक ठराव २० विरुद्ध १५ असा जिंकला गेला. तोवर सभापती असलेला हा पंचेचाळिशीतला माणूस मुख्यमंत्री होणार हे साखळीतल्या त्यांच्या शेजाऱ्यांनीही धरलं नसेल.

याआधीचे दोघेही असेच आले. लोटलीचे डॉ. लुईस प्रोतो बार्बोझा १९९० मध्ये काँग्रेसचे सभापती होते. काँग्रेस फुटली, चर्चिल आलेमाव अठरा दिवसांचे मुख्यमंत्री झाले, आणि १४ एप्रिलला बार्बोझा त्या खुर्चीवर बसले. डिसेंबरात उतरले. पक्ष, सभापतिपद आणि सरकार यांच्या तिढ्याची गोव्याने तेव्हा जी शिकवणी घेतली, तिची फी आपण अजून भरतो आहोत. योगायोग असा, की सभापतीच्या आसनावरून थेट मुख्यमंत्रिपदावर गेलेले दोघेही डॉक्टरच.

दुसरे डॉ. विल्फ्रेड डिसोझा, साळगावचे आमदार, एफआरसीएस, नावाजलेले सर्जन. लोक त्यांना डॉ. विली म्हणत. त्यांची राजकीय कुंडली सर्जनला शोभणारी होती, काप आणि टाके दोन्ही भरपूर. मे १९९३ मध्ये रवी नाईक यांना पायउतार व्हावं लागलं तेव्हा ते पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले. २ एप्रिल १९९४ ला राज्यपाल भानुप्रकाश सिंह यांनी त्यांना बडतर्फ करून रवी नाईकांना शपथ दिली. हे इतकं अंगाशी आलं की राज्यपालांनाच जावं लागलं, आणि सहा दिवसांनी, ८ एप्रिलला, डॉ. विली पुन्हा मुख्यमंत्री. १९९८ च्या जुलैत त्यांनी काँग्रेस फोडून गोवा राजीव काँग्रेस काढली आणि भाजप, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) यांच्या पाठिंब्यावर तिसऱ्यांदा शपथ घेतली. नोव्हेंबरात तेही सरकार पडलं. शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा हा शांत हात सभागृहात मात्र आकड्यांच्या खेळातच अडकून राहिला. दोष त्यांचा एकट्याचा नव्हता. १९८७ ला घटक राज्य झाल्यापासून चाळीस जणांची विधानसभा, एकवीसचं बहुमत. तिथे दोन आमदार फिरले की सरकार कोसळतं.

पण या तिघांमधला फरक मला साम्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. पणजीची वैद्यकशाळा, पोर्तुगिजांनी १८४२ मध्ये सुरू केलेली एस्कोला मेदिका, ही जुन्या काबिजादीची, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखाची संस्था. बार्देश, तिसवाडी, साष्टीतली पोरं तिथे शिकत आणि पुढे पोर्तुगीज आफ्रिकेपर्यंत जात. नव्या काबिजादीतलं आमचं पेडणे पोर्तुगिजांच्या हाती आलं ते १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांकडून. म्हणजे आमच्याकडचं दुखणं बहुतेक वैद्याकडे, नाहीतर सावंतवाडीला, बेळगावला जायचं. मुक्तीनंतर ती शाळा गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) झाली, पण नव्या काबिजादीतली किती मुलं मार्कांच्या त्या गाळणीतून पार व्हायची? ज्यांना डॉक्टर व्हायचं होतं ती कोल्हापूरला, सावंतवाडीला बीएएमएस करायला गेली, आणि परत येऊन गावात दवाखाना घातला. पाळी-कोठंबीचे प्रमोद सावंत त्याच वाटेने गेले. कोल्हापूरच्या गंगा एज्युकेशन सोसायटीच्या आयुर्वेद महाविद्यालयातून बीएएमएस, पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. एफआरसीएसपासून बीएएमएसपर्यंतचा मुख्यमंत्रिपदाचा हा प्रवास म्हणजे गोव्याच्या सत्तेचा किनाऱ्याकडून घाटाच्या पायथ्याकडे झालेला प्रवासही आहे. हे बरं की वाईट, ते वाचक कुठल्या तालुक्यात बसून वाचतोय त्यावर ठरेल.

देशात याची उदाहरणं आहेत. बंगालचे डॉ. बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असतानाही रोज रुग्ण तपासत. छत्तीसगडचे डॉ. रमण सिंह हेही आयुर्वेदाचेच पदवीधर, पंधरा वर्षं मुख्यमंत्री राहिले आणि २०२३ मध्ये तिथल्या विधानसभेचे अध्यक्ष झाले. सावंत आधी सभापती, मग मुख्यमंत्री. रमण सिंहांनी तीच वाट उलट दिशेने चालून दाखवली.

पाळी मतदारसंघाची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तो आता नकाशावर नाही. खनिजाच्या धुळीतला हा मतदारसंघ. तिथून डॉ. सुरेश आमोणकर भाजपतर्फे निवडून येत, पर्रीकरांच्या मंत्रिमंडळात ते आरोग्यमंत्री होते. गोव्याचं आरोग्य खातं डॉक्टरच्या हाती येण्याचे प्रसंग थोडे, त्यातला हा एक. जुलै २०२० मध्ये त्यांना कोविडनेच नेलं. याच पाळीत २००८ ची पोटनिवडणूक लढवायला सावंतांनी सरकारी आयुर्वेदिक डॉक्टरची नोकरी सोडली, आणि हरले. सरकारी नोकरी सोडून हरणं म्हणजे काय, हे गोव्यात वेगळं समजवावं लागत नाही. वडील पांडुरंग सावंत जिल्हा पंचायतीवर होते, घरात संघ-जनसंघाचं वळण होतं, म्हणून माणूस टिकला असावा. मतदारसंघांची फेररचना झाली, पाळी पुसलं गेलं, साखळी आलं, आणि २०१२ मध्ये सावंत तिथून जिंकले. मग साधनसुविधा विकास महामंडळाचं अध्यक्षपद, २०१७ मध्ये सभापतिपद. आमच्या पेडण्यातही तेव्हाच धारगळ मतदारसंघ गेला आणि तिनाचे दोन झाले. त्याची खंत इकडे अजून निघते.

२०१२ हे साल पाळी-साखळीच्या डिचोली तालुक्याला दुसऱ्याच कारणाने लक्षात आहे. त्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. पुढे २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्या. खाण चालू असते तेव्हा डिचोलीच्या दवाखान्यात दम्याचे आणि खोकल्याचे रुग्ण. बंद पडली की हप्ते थकलेल्या ट्रकांचे मालक, झोप न येणारे. दोन्ही वेळी माणूस डॉक्टरकडेच येतो. आमदार असलेल्या डॉक्टरने यातल्या कोणत्या रुग्णाची बाजू घ्यायची? सगळ्या पक्षांनी घेतली ती ट्रकवाल्यांची, खाणी सुरू करा म्हणून. धुळीने खोकणाऱ्यांची संघटना नसते.

कोविडच्या काळात मुख्यमंत्री डॉक्टर असण्याची खरी परीक्षा होती. सुरवात चित्रासारखी झाली. १९ एप्रिल २०२० ला गोव्यातले सातही रुग्ण बरे झाले. २४ एप्रिलला, आपल्या सत्तेचाळिसाव्या वाढदिवशी, सावंत म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात पांढरा कोट घालून ओपीडीत बसले. या इस्पितळाला आम्ही अजून आझिलोच म्हणतो, इमारत पेड्यात गेली तरी. ते छायाचित्र सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. वर्षभराने, मे २०२१ मध्ये, त्याच सरकारची दुसरी बाजू दिसली. बांबोळीच्या गोमेकॉत ११ मे रोजी पहाटे दोन ते सहा या चार तासांत २६ कोविड रुग्ण दगावल्याचं आरोग्यमंत्री विश्वजीत राणे यांनीच सांगितलं. प्राणवायूचा तुटवडा आहे की नाही यावर मुख्यमंत्री आणि आरोग्यमंत्री वेगवेगळं बोलले, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं. मुख्यमंत्री पीपीई किट घालून वॉर्डांत फिरले, नातेवाइकांशी बोलले. ते जाणं डॉक्टरचं होतं हे मी मान्य करतो. पण सिलिंडरची ट्रॉली वेळेवर पोचते की नाही हे पाहणं मुख्यमंत्र्याचं काम असतं, आणि तिथे पदवी उपयोगी पडत नाही. तिथे लागतो चोख हिशेब ठेवणारा कारकून. आपल्याकडे तो नव्हता.

सावंतांच्या एका योजनेत मात्र मला दवाखान्याची सवय दिसते. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयंपूर्ण गोवा’त प्रत्येक पंचायतीला एक सरकारी अधिकारी ‘स्वयंपूर्ण मित्र’ म्हणून नेमला आणि त्याने आठवड्याला गावात येऊन बसायचं ठरलं. आठवड्याचा ठरलेला वार, ठरलेली जागा, रांग, आणि एकेकाची तक्रार ऐकणं. फिरत्या डॉक्टरची ओपीडीच ही. तक्रार लिहून घेतली जाते. औषध मिळतं की नाही, ते पंचायतीगणिक वेगळं.

२०२२ च्या निकालाच्या दिवशी साखळीत सुरवातीच्या फेऱ्यांत मुख्यमंत्री मागे होते. शेवटी धर्मेश सगलानी यांच्यावर ६६६ मतांनी सुटले. राज्यात मात्र भाजपला वीस जागा. राज्य जिंकून घर थोडक्यात वाचलं. त्याच दिवशी शेजारच्या डिचोलीने दुसरा डॉक्टर विधानसभेत पाठवला, डॉ. चंद्रकांत शेट्ये, तेही अपक्ष. पक्षाचं चिन्ह नाही, संघटना नाही, आहे तो दवाखाना. वर जी न लिहिलेली वही म्हटली, ती थेट मतपेटीत वटलेली पाहायची असेल तर डिचोलीकडे पाहावं. अर्थात निवडून आल्यावर त्यांनी सरकारला पाठिंबा दिला. वीस अधिक तीन अपक्ष अधिक मगो, हे गणित इथेही आलंच. अपक्ष डॉक्टरला रुग्णांनी निवडलं तरी निधी सरकारकडूनच आणावा लागतो.

आता आमच्या तालुक्याकडे. पेडण्याने आरोग्यमंत्रीही दिला आणि मुख्यमंत्रीही, पण तो डॉक्टर नव्हता. हरमलचे लक्ष्मीकांत पार्सेकर, पेशाने शिक्षक. पर्रीकर दिल्लीला गेले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये पार्सेकर मुख्यमंत्री झाले. तीही अवेळची हाकच. अडीच लाख ते चार लाखांपर्यंतच्या उपचारांचं दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड त्यांच्याच कारकिर्दीत, २०१६ मध्ये आलं. आमच्याकडे ते कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवतात. तुयेंला मोठं इस्पितळ व्हावं हा ध्यासही पार्सेकरांच्या काळातला. इमारत उभी राहिली. ती पूर्ण ताकदीनिशी चालावी, गोमेकॉशी जोडावी, म्हणून पेडणेकर वर्षानुवर्षे सभा, मोर्चे, निवेदनं करत आले. मुख्यमंत्री डॉक्टर असताना तालुक्याला इस्पितळासाठी इतकं ओरडावं लागावं, हे मला अजून पटलेलं नाही.

दुसरीकडे, धारगळला ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी मोपाच्या विमानतळाचंही. आयुर्वेदाचा डॉक्टर मुख्यमंत्री, आणि आयुर्वेदाचं राष्ट्रीय इस्पितळ आमच्या दारात. कोरगावातली गुडघेदुखीवाली मंडळी तिथे पंचकर्माला जातात, समाधानाने परततात. वात, पाठ, पचन, जुने आजार, यांची तिथे छान सोय झाली. वैद्यांची जुनी परंपरा असलेल्या या पट्ट्यात ते रुजलंही. (त्याच धारगळात २०२४ च्या डिसेंबरात सनबर्न संगीत महोत्सवही झाला. गावकऱ्यांनी विरोध केला, तरी झाला. एका टोकाला शिरोधारा, दुसऱ्या टोकाला डीजे.)

सीमेपलीकडची, महाराष्ट्रातली गोष्ट तर वेगळीच. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीच्या माणसांना म्हापसा आणि बांबोळी हीच जवळची इस्पितळं. २०१८ च्या सुरवातीला गोमेकॉत परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागलं तेव्हा दोडामार्गला आंदोलन पेटलं. कोरगावात कुणाची मावशी तिकडची, कुणाची सून. रुग्णाचं गाव कुठलं, हे केसपेपरवर लिहिताना आमच्याकडे नेहमी थोडं अडखळायला होतं.

अपघाताला, हृदयाला, अडलेल्या बाळंतपणाला मात्र धारगळच्या आयुर्वेद संस्थेचा उपयोग नाही. आमच्या लहानपणी रात्री कुणाला नेण्याची वेळ आली की चार बापये खाटेला खांदा देत, मग कुणाची तरी जीप शोधायची, मग कोलवाळ, मग म्हापसा. आता १०८ लावली की गाडी देऊळवाड्यावर, कमळेश्वराच्या समोर येऊन उभी राहते. आतला मुलगा रुग्णाला उचलता उचलता विचारतो, “तुयेंला नेऊ की म्हापशाला?” घरची माणसं एकमेकांकडे पाहतात आणि सांगतात, “म्हापशाक व्हर.”