शिवण्याआधी कापड आटवा

मालाडच्या मालवणीत अनेक घरांत एक-दोन मशिने टाकून शिवणकाम चालते. या कारागीर बांधवांचे नुकसान पुष्कळदा शिलाईत नव्हे, तर पहिल्या धुण्यात होते. कुर्ता मापात शिवलेला असतो. धुतल्यावर आखूड होतो. दोष कापडाचा, पण नाव शिंप्याचे जाते.

कापड आटते का? मागावर उभे धागे ताणलेले असतात. रंगाई-धुलाईतही कापड ओढले जाते. पाणी लागले की सुती धागा फुगतो, ताण सुटतो आणि कापड आखडते. म्हणून आट बहुधा लांबीतच जास्त येते. यावर अमेरिकेतील सॅनफोर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमारास कापड यंत्रावर आधीच आटवण्याची पद्धत काढली. ‘सॅनफोराइज्ड’ हा शिक्का त्यांच्याच नावावरून आला. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवरील स्वस्त सुती कापडावर ही प्रक्रिया झालेली असेलच असे नाही.

म्हणून आधी परीक्षा करावी. तुकड्यावर उभे ५० सेंटिमीटर मोजून खुणा कराव्यात. तुकडा धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजावा. ४८ भरले तर आट शेकडा ४. या हिशेबाने ४२ इंची कुर्ता जवळजवळ पावणेदोन इंच आखूड होईल!

आता कापडाप्रमाणे कृती पाहू.

सुती : घडी करून काही तास पाण्यात बुडवावे. न पिळता सावलीत वाळवावे. गडद रंग वेगळे भिजवावेत.

रेयॉन : हेही खूप आटते. ओले असताना कमजोर होते, म्हणून थंड पाणी वापरावे व मुळीच पिळू नये.

पॉलिस्टर : पाण्याने जवळजवळ आटत नाही. जास्त तापलेल्या इस्त्रीने मात्र आखडते.

लोकरी : गरम पाण्यात चोळल्यास तंतू एकमेकांत अडकतात, ती आट पुन्हा सुटत नाही. ओले फडके ठेवून वाफेची इस्त्री करावी.

रेशीम व जरी : भिजवू नये. आधी कोपऱ्यावर पाहावे.

अस्तर व कॉलरचे सुती कॅनव्हासही पाण्यातून काढावे. वरचे कापड आटलेले आणि अस्तर कोरे राहिले, तर धुतल्यावर चुण्या पडतात.

अडीच मीटर कापड शेकडा ४ ने आटले तर १० सेंटिमीटर कमी होते. हे गिऱ्हाइकाला माप घेतानाच सांगावे व तेवढे कापड जास्त आणायला लावावे. ईदच्या गर्दीत भिजवायला सवड नसते, हे आम्ही जाणतो. म्हणून कापड हाती येईल त्याच दिवशी भिजवावे. एका दिवसाचा हा खोळंबा पुढचे भांडण वाचवतो.